एमआरआयमध्ये ‘पांढरा भाग वाढला’ म्हणजे गाठ परत आली असे नव्हे

ब्रेन ट्यूमरचे ऑपरेशन झाले, रेडिएशन संपले आणि पुढच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘पांढरा भाग वाढला आहे’ असे आले, की घरचे हातपाय गाळतात. ‘आता पैसे घालवू नका, घरी घेऊन या,’ असे नातेवाईक सांगू लागतात. रुग्णांसोबत दवाखान्यात जाणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना हे वारंवार पाहावे लागते. म्हणून हा पांढरा भाग नेमका काय असतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओ लहरींच्या मदतीने शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकडून संकेत मिळवले जातात व त्यातून चित्र तयार होते. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना 2003 चे नोबेल मिळाले. तपासणीत शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात. मेंदूतील रक्तवाहिन्यांची संरक्षक भिंत शाबूत असेल तर ते बाहेर येत नाही. भिंत फुटली की ते झिरपते आणि तो भाग पांढरा दिसतो.

मुद्दा इथेच आहे. ही भिंत गाठीमुळे फुटते, तशी रेडिएशनमुळेही फुटते. साधा एमआरआय भिंत फुटल्याचे सांगतो, कोणी फोडली ते सांगत नाही. म्हणूनच 2010 मध्ये तज्ज्ञांनी आखलेल्या ‘रानो’ निकषांनुसार, रेडिएशन संपल्यापासून पहिल्या 12 आठवड्यांत रेडिएशन दिलेल्या जागीच पांढरा भाग वाढला, तर केवळ तेवढ्यावरून गाठ वाढली असे धरत नाहीत.

मग फरक कसा ओळखायचा? त्यासाठी प्रगत पद्धती आहेत.

परफ्यूजन : त्या भागात रक्त किती आहे, हे यात मोजतात. वाढणारी गाठ नव्या रक्तवाहिन्या तयार करते, त्यामुळे रक्त सहसा जास्त दिसते. रेडिएशनने इजा झालेल्या भागात ते कमी असते.

डिफ्यूजन : पाण्याचे कण किती मोकळेपणाने हलतात, हे यात दिसते. पेशींची दाटी असेल तिथे हालचाल अडते. याच तत्त्वावर मेंदूतील तंतूंच्या वाटांचा नकाशाही काढता येतो. कोणती वाट वाचवायची, हे सर्जनला ऑपरेशनआधीच कळते.

स्पेक्ट्रोस्कोपी : चिरफाड न करता गाठीतील रसायने तपासण्याची ही पद्धत. कोलीन वाढलेले आणि निरोगी चेतापेशींचे एनएए कमी झालेले दिसले, तर गाठीचा संशय बळावतो.

फंक्शनल एमआरआय : सेजी ओगावा यांनी 1990 मध्ये याचा पाया घातला. रुग्णाला बोटे हलवायला किंवा मनात शब्द आठवायला सांगतात. मेंदूचा जो भाग काम करतो तिथल्या रक्तातील ऑक्सिजन बदलतो आणि तो भाग ओळखता येतो. इथे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. भाषेची चाचणी रुग्णाला नीट समजणाऱ्या भाषेतच व्हायला हवी. निरक्षर रुग्णाला वाचनाऐवजी चित्रे दाखवून किंवा ऐकवून चाचणी घेता येते. सूचनाच कळल्या नाहीत तर नकाशा चुकण्याचा धोका असतो.

यातली एकही पद्धत शेवटचा शब्द नाही. एकाच डागात जिवंत गाठ आणि रेडिएशनची इजा दोन्ही असू शकतात. कधी काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करावा लागतो, कधी बायोप्सी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणातही गाठीच्या जनुकीय तपासणीला मोठे महत्त्व आहे.

रुग्णासोबत जाताना आपण एवढे करू शकतो. जुन्या सर्व एमआरआयच्या फिल्म आणि सीडी सोबत न्याव्यात, कारण तुलनेशिवाय वाढ कळत नाही. रेडिएशन कोणत्या तारखेला संपले ते स्कॅन सेंटरला सांगावे. पेसमेकर, शरीरातील धातू किंवा किडनीचा आजार असल्यास आधीच कळवावे. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : “हा रेडिएशनचा परिणाम असू शकतो का? परफ्यूजनची गरज आहे का?” खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे.

रिपोर्टमधल्या एका ओळीवरून उपचार थांबवू नयेत. आधी प्रश्न विचारावा, उत्तर समजून घ्यावे आणि मगच घरच्यांसोबत बसून निर्णय घ्यावा.