छऱ्याची बंदूक आणि देशाची वेस

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर नवरात्रात जत्रा भरते. अशा जत्रांतून फुगे फोडायला मिळते ती छऱ्याची बंदूक आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथे जिच्यावर १० मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले ती रायफल, दोन्ही एकाच कुळातल्या. दारू नाही, ठिणगी नाही. दाबलेली हवा छऱ्याला ढकलते. मग ती वेशीपलीकडे नेताना एवढी कागदपत्रे कशाला?

कारण कायदा बंदुकीचे रूप पाहत नाही, बहुधा छऱ्याची ऊर्जा पाहतो. स्पर्धेतला छर्रा सुमारे ०.५३ ग्रॅमचा. त्याचा वेग सेकंदाला १६५ मीटर धरा आणि ½mv² हे सूत्र वापरा. ऊर्जा येते साधारण ७.२ ज्यूल. जर्मनीत विनापरवाना एअर रायफलची मर्यादा ७.५ ज्यूल आहे. इंग्लंडात ती १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र अवघा १ ज्यूल! आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ऊर्जा २० ज्यूलच्या वर किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरहून अधिक असेल तर परवाना लागतो. त्याआधीची कसोटी गमतीची होती. पाच फुटांवर एक इंच जाडीची देवदाराची फळी ठेवायची, छर्रा आरपार जाता कामा नये. पण फळी ओली की सुकी, यावर निकाल बदलणार. ज्यूलचे तसे नाही. विद्यार्थ्यांना मोजमापाचे महत्त्व सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आता समजा, डोंबिवलीतल्या पुतण्यासाठी काकांनी परदेशातून ५.५ मिलिमीटरची एअर रायफल घेतली. तिकडे ती दुकानात सहज मिळाली असेल. इकडे ती परवान्याच्या कक्षेत येते. शिवाय विनापरवाना बाळगता येणारी वस्तू आयातीलाही मोकळी असते, हा समज चुकीचा आहे. बंदुकांच्या आयातीवर निर्बंध असून मान्यताप्राप्त नेमबाजांना राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीने सवलत मिळते. खरेदी करण्याआधीच परवानगी घ्यावी, हे बरे.

विमानात रायफल हातातल्या सामानात चालत नाही. कंपनीला आधी कळवून, कुलूपबंद पेटीत, नोंदलेल्या सामानातून ती जाते. हवेचे सिलिंडर काढून रिकामे करायला सांगतात. का? "वर हवा विरळ असते, म्हणून ते फुटेल," असे उत्तर वर्गात हमखास येते. हिशेब करून पाहू. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० वातावरण दाब असतो. प्रवासी विमानाच्या सामानकक्षातला दाब बहुधा पाऊण वातावरणाच्या आसपास राखलेला असतो. म्हणजे आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक १९९ वरून १९९.२५ झाला, इतकेच! खरी भीती वेगळी आहे. आपटून झडप तुटली तर सुटणाऱ्या हवेच्या झोताने सिलिंडर अग्निबाणासारखे उडते. आगीत तापले तर दाब वाढतो आणि धातू मऊ पडतो. जुन्या सिलिंडरचा धातू दर भरणीला ताण सोसून थकलेला असतो, म्हणून उत्पादकाने दिलेली मुदत संपली की ते बदलावे लागते.

निघताना कस्टमकडून रायफलचा क्रमांक नोंदलेले निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना ही आपलीच, इथूनच नेलेली रायफल आहे, हे त्यावरून दाखवता येते. ज्या देशात उतरायचे आणि जिथे विमान बदलायचे, त्या दोन्हींचे नियम आधी विचारून ठेवावेत. संयोजकांच्या निमंत्रणपत्राची प्रत पेटीत न ठेवता खिशात ठेवावी.