जाहिरातीपूर्वीची तयारी : सॉल्ट लेकमधील तीन दारे

कोलकात्याच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक हे उपनगर मुळात खाऱ्या पाण्याची दलदल होती. हुगळी नदीचा गाळ नळांवाटे आणून ती भरून काढण्याचे काम १९६२ मध्ये सुरू झाले. नगराचा आराखडा युगोस्लाव नियोजनकार दोब्रिवोये तोश्कोविच यांचा, तर बिधाननगर हे अधिकृत नाव पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यावरून आलेले. गर्दीने कोंडलेल्या महानगराला राहण्यास मोकळी जागा मिळावी हा मूळ हेतू. प्रत्यक्षात मात्र हे नगर राहणाऱ्यांइतकेच नोकरी शोधणाऱ्यांचेही झाले. २२ ऑगस्ट २०२५ पासून हावडा मैदान ते सेक्टर पाच हा मेट्रोमार्ग अखंड सुरू झाल्यावर हुगळीपलीकडच्या उमेदवाराचा येथवरचा प्रवास आणखी सोपा झाला आहे.

या उमेदवारांपुढे येथे मुख्यतः तीन दारे आहेत. करुणामयीच्या परिसरात पश्चिम बंगाल शालेय सेवा आयोगाचे ‘आचार्य सदन’ आहे. ईए ब्लॉकमध्ये केंद्र सरकारचे पूर्व विभागीय व्यावहारिक प्रशिक्षण मंडळ आहे. पूर्वेच्या टोकाला सेक्टर पाच, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची वसाहत. सरकारी भरती, शिकाऊ उमेदवारी आणि खासगी नोकरी असे रोजगाराचे तीन वेगळे मार्ग एकाच उपनगरात पाहावयास मिळतात. महाराष्ट्रातील स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी या तिन्हींचा अभ्यास करण्यासारखा आहे. कारण पहिल्या दारावर गेल्या काही वर्षांत जे घडले, त्यामुळे इतर दोन दारांचे महत्त्व नव्याने कळते.

दिनदर्शिका आणि दाखला

नव्या वर्षाची तयारी म्हटले की विद्यार्थी अभ्यासक्रम आणि पुस्तकांची यादी काढतो. त्याआधी दिनदर्शिका काढावी, हे अधिक उपयोगाचे. संघ लोकसेवा आयोग पुढील वर्षाच्या परीक्षांचे वेळापत्रक आदल्या वर्षीच जाहीर करतो; बँक कर्मचारी निवड संस्थेचे संभाव्य वेळापत्रक साधारणतः जानेवारीत येते. वेळापत्रकाहूनही महत्त्वाची असते ती गणनेची तारीख. नागरी सेवा परीक्षेसाठी वय परीक्षेच्या वर्षातील १ ऑगस्ट रोजी मोजले जाते. इतर भरतींत ही तारीख जाहिरातीगणिक बदलते. एका परीक्षेस पात्र असलेला उमेदवार त्याच वर्षीच्या दुसऱ्या परीक्षेस काही दिवसांच्या फरकाने अपात्र ठरू शकतो.

दाखल्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. इतर मागासवर्गीयांचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे उत्पन्न व मालमत्ता प्रमाणपत्र ही दोन्ही आर्थिक वर्षाशी बांधलेली असतात. नागरी सेवा परीक्षा २०२५ चे उदाहरण घेता येईल. त्या परीक्षेसाठी दुर्बल घटकाचा दाखला २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर आधारलेला, १ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर दिलेला आणि अर्ज करण्याच्या अंतिम तारखेपूर्वी हाती आलेला असणे आवश्यक होते. अर्जाची मुदत वर्षाच्या आरंभीच संपत असल्याने दाखला काढण्याचा खरा काळ त्याआधीच्या महिन्यांचा ठरतो.

ही केवळ कारकुनी बाब आहे असे मानणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ९ ऑक्टोबर २०२३ चा निर्णय पाहावा. नागरी सेवा परीक्षा २०२२ मधील काही उमेदवारांकडे २२ फेब्रुवारी २०२२ या अंतिम तारखेला विहित वर्षाचे व विहित नमुन्यातील आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र नव्हते. गुणवत्ता होती, आर्थिक दुर्बलताही होती. नव्हता तो वेळेवरचा दाखला. त्यांना खुल्या गटात धरण्याची आयोगाची भूमिका न्यायालयाने उचलून धरली. परीक्षेसाठी घातलेली वर्षे तहसील कार्यालयातल्या एका कागदावर अडली.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना येथे दोन गोष्टींचे भान हवे. इतर मागासवर्गाचे केंद्रीय भरतीसाठीचे प्रमाणपत्र वेगळ्या नमुन्यात असते, राज्याच्या नमुन्यातील दाखला तेथे पुरेसा नाही. तसेच राज्यापुरते असलेले सामाजिक व शैक्षणिक मागासवर्गाचे आरक्षण केंद्राच्या नोकऱ्यांत लागू होत नाही. सेवा केंद्रात अर्ज देण्यापूर्वी आपल्याला कोणता नमुना हवा, हे ठरवूनच जावे.

आचार्य सदनातील भरती

आता पहिल्या दाराकडे. पश्चिम बंगालमधील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील शिक्षक आणि ‘क’ व ‘ड’ गटातील शिक्षकेतर कर्मचारी यांच्या भरतीसाठी २०१६ मध्ये प्रक्रिया सुरू झाली. तेवीस लाखांहून अधिक उमेदवार त्यात उतरले. नेमणुका झाल्या आणि पुढे तक्रारींना सुरुवात झाली. निवडयादीत नाव नसलेल्यांना नियुक्ती, खालच्या क्रमांकाच्या उमेदवाराला वरच्यांच्या आधी बोलावणे आणि ओएमआर उत्तरपत्रिकांतील गुणांमध्ये फेरफार, असे आरोपांचे स्वरूप होते. कोलकाता उच्च न्यायालयाने चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवली आणि २२ एप्रिल २०२४ रोजी २५,७५३ नेमणुका रद्द केल्या. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय मूलतः कायम ठेवला.

परीक्षार्थींनी येथे थांबून विचार करावा असा प्रश्न म्हणजे, ज्यांनी काहीच गैर केले नाही त्यांच्याही नेमणुका का गेल्या? ज्यांचा गैरप्रकार उघड झाला त्यांना न्यायालयाने वेगळे काढले, पगाराची रक्कम परत करण्यासही सांगितले. उरलेल्यांना मात्र निर्दोष म्हणून खात्रीने वेगळे करता येईना. मूळ उत्तरपत्रिका नष्ट झालेल्या होत्या आणि त्यांच्या प्रतिमाही आयोगाकडे जतन झालेल्या नव्हत्या. त्यातच अनियमितता झाकण्याचा प्रयत्न झाल्याचे दिसल्याने संपूर्ण प्रक्रियाच दुरुस्तीपलीकडे दूषित झाली, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. संविधानाच्या अनुच्छेद १४ व १६ मधील समान संधीचा अर्थ असा की, निवड न्याय्य झाली हे तपासता आले पाहिजे. तपासण्याचे साधनच उरले नाही, तर प्रामाणिक उमेदवाराचे गुणही सिद्ध होऊ शकत नाहीत. भरतीतील अभिलेख हे उमेदवाराच्या हक्काचे रक्षण करतात, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

१७ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने, गैरप्रकार सिद्ध न झालेल्या शिक्षकांना विद्यार्थ्यांचे नुकसान टळावे म्हणून त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत शिकवू देण्याची मुभा दिली. ३१ मेपर्यंत नवी जाहिरात काढण्याची अट होती. मे महिन्यात सॉल्ट लेकमधील विकास भवन या शिक्षण खात्याच्या इमारतीसमोर नोकरी गमावलेले शिक्षक ठिय्या देऊन बसले होते. अनेक वर्षे इतरांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या या माणसांना ७ आणि १४ सप्टेंबर २०२५ रोजी पुन्हा परीक्षेस बसावे लागले. वयात सवलत मिळाली. गेलेली वर्षे आणि डोक्यावरची गृहकर्जे यांना अर्थातच कोणतीही सवलत नव्हती. नव्या परीक्षेत उमेदवारांना उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत घरी नेता आली.

एप्रिलच्या निर्णयातील आणखी एक तरतूद नोकरी शोधणाऱ्याने नीट वाचावी. जे उमेदवार पूर्वी राज्य शासनाच्या अन्य विभागांत किंवा स्वायत्त संस्थांत नोकरीला होते आणि ती सोडून शिक्षक झाले, त्यांना जुन्या जागी परत जाण्यासाठी अर्ज करता येईल व तो तीन महिन्यांत निकाली काढावा, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे पहिल्या नोकरीचा नियुक्ती आदेश, कार्यमुक्तीचे पत्र आणि सेवेची नोंद ज्याच्याकडे नीट होती, त्याला परतीची वाट सोपी होती. नवी नोकरी लागताच जुनी फाईल माळ्यावर टाकण्याची सवय किती महाग पडू शकते, हे यावरून लक्षात यावे.

असे प्रकार बंगालपुरते मर्यादित आहेत असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार २०२१ मध्ये उघडकीस आला आणि २०२२ मध्ये सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. केंद्राचा सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) अधिनियम २१ जून २०२४ पासून अमलात आला. त्यात तीन ते पाच वर्षांचा कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. संघटित गुन्ह्यासाठी पाच ते दहा वर्षे आणि किमान एक कोटी रुपये दंड. परीक्षार्थींवर मात्र या कायद्याने नव्हे, तर संबंधित परीक्षा संस्थेच्या नियमांनुसार कारवाई होते.

दुसरे दार : शिकाऊ उमेदवारी

परीक्षेची वाट पाहण्यात जाणारी वर्षे रिकामी जाऊ नयेत, यासाठी ईए ब्लॉकमधील मंडळाकडे वळावे लागते. देशात अशी चार विभागीय मंडळे आहेत. मुंबई, चेन्नई आणि कानपूर येथील मंडळांना शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ म्हणतात, कोलकात्याच्या मंडळाचे नाव तेवढे व्यावहारिक प्रशिक्षण मंडळ असे आहे. महाराष्ट्र व गोवा मुंबईच्या मंडळाकडे येतात. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांतून या मंडळांचा उल्लेख फारसा होत नाही, हे आश्चर्याचेच.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक त्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही प्रवेश मिळाला. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे दार बंद आहे, हा समज त्यामुळे जुना झाला. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के या मर्यादेत शिकाऊ उमेदवार घेणे २०१९ पासून बंधनकारक आहे. त्याच वर्षीच्या नियमांनी पदवीधराला दरमहा किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरवले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली.

या योजनेला मर्यादाही आहेत आणि त्या माहीत नसल्याने पुढे निराशा पदरी येते. कायद्याच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील प्रशिक्षणार्थींनी नंतर कायम करण्याची मागणी लावून धरली. ती योजना या कायद्याखालची नव्हे, पण गैरसमज तोच. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात एवढेच म्हटले की, इतर सर्व बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीत प्राधान्य द्यावे. रेल्वेने मात्र आपल्या आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी पहिल्या स्तरावरील भरतीत २० टक्के जागा ठेवल्या आहेत.

पदवी मिळून फार वर्षे लोटल्यावर या योजनेत प्रवेश मिळत नाही. चार-पाच वर्षे केवळ परीक्षांना दिल्यानंतर हा पर्याय आठवला, तर तोवर तो हातचा गेलेला असतो. म्हणून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने निकालापूर्वीच संकेतस्थळावरील नोंदणीची कागदपत्रे तयार ठेवणे श्रेयस्कर.

सेक्टर पाच

तिसऱ्या दाराबद्दल थोडक्यात. मोठ्या कंपन्या महाविद्यालयांतून अंतिम वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच निवड उरकत आणतात. डिसेंबरपर्यंत निवड न झालेल्या विद्यार्थ्याला मग जाहिराती, ओळखी आणि रोजगार संकेतस्थळे यांवर विसंबावे लागते. केंद्राचे राष्ट्रीय करिअर सेवा संकेतस्थळ जुलै २०१५ पासून विनामूल्य आहे. सेक्टर पाचच्या झगमगाटात नोकरीचे आमिष दाखवून अनामत रक्कम उकळणारी बनावट कार्यालयेही निघतात. बिधाननगर पोलिसांनी अशांवर वेळोवेळी छापे घातले आहेत. प्रशिक्षण शुल्क, गणवेश किंवा लॅपटॉपची अनामत या नावाने पैसे मागितले गेले, की तेथून निघावे.

खासगी नोकरीतला कच्चा दुवा म्हणजे कागद. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या चार कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने नियुक्तिपत्र देणे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही प्रमाणशीर उपदान मिळू शकते. ते मागताना नियुक्तीची तारीख दाखवावी लागते. तोंडी बोलीवर रुजू झालेल्याजवळ ती दाखवण्यास काहीच नसते.