इंजिनात वस्तू पडली तर : चावी फिरवण्याआधी

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीच्या इंजिनावर लिहायचा आम्हाला काय हक्क, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. दुरुस्तीच्या वेळी आमच्या गाडीच्या इंजिनात दोनदा वस्तू पडली. पहिल्या वेळी इंजिन गेले, दुसऱ्या वेळी वाचले. दोन्ही वेळी वस्तू क्षुल्लकच होती. फरक पडला तो चावी फिरवली की नाही, एवढ्याने. आपल्या बंधूंपैकी पुष्कळांचा धंदा टेम्पोवर आणि व्हॅनवर चालतो आणि त्या गाड्यांचे काम करणारे कारागीरही बरेचसे आपलेच. तेव्हा हा हिसाब दोघांच्याही कामाचा आहे.

दुसरी वेळ आधी सांगतो. २०१८ सालचा जून. त्या वर्षी १५ जूनला शाळा उघडणार आणि दुसऱ्याच दिवशी ईद. गणवेशाचे कापड आणि ईदचा माल, दोन्ही एकाच आठवड्यात शिंप्यांकडे पोचवायचे होते. आमची ओम्नी व्हॅन उल्हासनगरहून तागे भरून बदलापूरच्या पुढे वांगणीकडे निघाली आणि चामटोलीजवळ मिसिंग मारू लागली. तीनपैकी एक सिलिंडर काम करीना. गावातल्या एका ओळखीच्याने मेकॅनिक पोरगा आणून दिला. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली, एक पट्टी सोडली, तिन्ही प्लग काढले, साफ केले. परत बसवायच्या वेळी पोरगा थांबला.

"शेठ, एक वॉशर कमी भरतोय."

स्प्रिंग वॉशर होता, बोटाच्या नखाएवढा. जमिनीवर पडला असेल, कुठे फटीत अडकला असेल, किंवा तीन उघड्या भोकांपैकी एकात गेला असेल. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "स्टार्टर मारा, असेल तर उडून बाहेर येईल." आमच्या मागे आठ शिंपी कापडाची वाट पाहत बसले होते. तरी आम्ही चावी काढून खिशात घातली, कारण पहिला अनुभव आठवला.

पहिला अनुभव बराच जुना, कार्बोरेटरच्या जमान्यातल्या गाडीचा. एअर क्लीनर काढताना त्याचा नट कार्बोरेटरच्या तोंडात पडला. शागीर्द होता चौदा-पंधरा वर्षांचा, उस्तादाचा मार खाल्लेला. तो काही बोलला नाही. त्याने दुसरा नट लावला आणि गाडी आमच्या ताब्यात दिली. अर्धा किलोमीटरवर खट्‌खट् असा आवाज आला, मग धूर, मग गाडी बंद. हेड उघडले तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर खड्डेच खड्डे, एक व्हॉल्व्ह वाकडा, प्लगचे टोक चेपलेले. बारा दिवस गाडी गॅरेजमध्ये आणि धंदा दुसऱ्याच्या टेम्पोवर.

एवढ्याशा नटाने एवढे नुकसान कसे होते, ते समजून घेतले पाहिजे. पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा त्याच्या आणि हेडच्या मध्ये काही ठिकाणी मिलिमीटर-दीड मिलिमीटर एवढीच जागा उरते. सहा मिलिमीटर बोल्टाचा नट पाच मिलिमीटर जाड असतो. तो दबायचा नाही, म्हणून पिस्टनला दबावे लागते, आणि पिस्टन अॅल्युमिनियमचा. इंजिन नुसते हळू चालत असले तरी मिनिटाला सात-आठशे फेऱ्या होतात. म्हणजे चावी फिरवून 'जरा पाहू' म्हणेपर्यंत पुष्कळ घाव बसलेले असतात. शिवाय वस्तू एका सिलिंडरमध्ये राहील याची खात्री नाही. व्हॉल्व्ह उघडला की ती उडून मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून शेजारच्या सिलिंडरमध्ये जाऊ शकते. डिझेल इंजिनात वरची जागा आणखी कमी, कारण तिथे हवा वीस पटीच्या आसपास दाबली जाते. छोटा हत्तीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. इंजेक्टर काढल्यावर त्याखालचा तांब्याचा वॉशर आला की नाही हेही पाहावे. तो आतच राहतो, आणि तांब्याला चुंबक लागत नाही.

चामटोलीला आम्ही काय केले? बॅटरीची काळी तार काढली, म्हणजे चुकूनही स्टार्टर फिरू नये. तिन्ही भोकांवर स्वच्छ कापड बांधले. गाडीखालची माती चुंबक फिरवून पाहिली. त्यात तारेचे तुकडे, एक गंजलेला खिळा निघाला, वॉशर काही नाही. इंजिनाच्या फटी चाचपल्या. तासाभराने टेम्पो बोलावून तागे त्यात चढवले. व्हॅन गिअरमधून काढून दोराने बदलापूरपर्यंत ओढत नेली. गिअरमध्ये ठेवून ओढली असती तर चाकांनी इंजिन फिरवले असते आणि खिशातल्या चावीचा काही उपयोग झाला नसता.

बदलापूरच्या उस्तादाकडे मोबाइलला जोडायचा लहान कॅमेरा होता, पेन्सिलीहून बारीक, टोकाला दिवा असलेला. आता हा कॅमेरा स्वस्तात मिळतो, गॅरेजवाल्यांनी घ्यावाच. मधल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्यावर वॉशर पडलेला स्वच्छ दिसला. लांब दांडीचा चुंबक आत सोडला. इथे एक गंमत आहे. पिस्टन अॅल्युमिनियमचा म्हणून चुंबक त्याला चिकटत नाही, पण सिलिंडरची भिंत लोखंडी असली तर चुंबक तिकडे ओढला जातो. उस्तादाने दांडीला प्लास्टिकची नळी चढवली, टोक तेवढे उघडे ठेवले. वीस मिनिटांत वॉशर बाहेर.

वस्तू लोखंडी नसेल तर काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी गुंडाळून ती उचलतात. रेती, कचरा असेल तर व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून ओढून घेतात. पिस्टन खाली असल्याने वस्तू हाताला येत नसेल, तर सगळे प्लग काढून क्रँकच्या बोल्टाला पाना लावून हाताने हळूहळू फिरवता येते. जरा अडकल्यासारखे वाटले की तिथेच थांबायचे. मात्र वस्तू मॅनिफोल्डमध्ये असेल तर फिरवायचेच नाही, कारण व्हॉल्व्ह उघडताच ती आत जाईल. आधी मॅनिफोल्ड उतरवावा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत नट पुष्कळदा खालच्या पडदीवर अडकून राहतो. अशा वेळी कोणी सवयीने अॅक्सिलरेटर दाबला तर पडदी उघडते आणि नट खाली जातो. आमच्या पहिल्या गाडीत तो शागीर्द त्याच क्षणी बोलला असता, तर नट चिमट्याने निघाला असता.

ऑइल भरायच्या तोंडातून काही पडले तर तेवढे घाबरायचे कारण नाही. ते हेडमध्ये पडून राहते, किंवा ऑइल उतरायच्या भोकातून तळाच्या चेंबरमध्ये जाते. तिथे पंपाच्या तोंडाला जाळी असते. पण वाटेत चेनच्या किंवा दात्यांच्या मध्ये सापडले तर अनर्थ. म्हणून इथेही आधी शोध, मग स्टार्टर.

रेतीचे नुकसान आवाज करीत नाही, म्हणून लोक तिला मोजत नाहीत. आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ प्लगच्या भोवती साठलेली असते. प्लग काढताच ती सरळ आत पडते आणि रिंगा व सिलिंडर घासत राहते. काही महिन्यांनी निळा धूर येऊ लागतो, ऑइल कमी होते, आणि मालक ऑइल कंपनीला शिव्या देतो. इलाज फुकटचा आहे : प्लग पाव फेरी ढिला करावा, भोवती हवा मारून धूळ उडवावी, मग प्लग काढावा. भोक उघडे असताना हवा मारली तर कचरा आतच जाणार.

आता आमच्या स्वतःच्या धंद्याची गोष्ट, चिंधीची. गॅरेजवाले शिंप्यांकडून आणि कारखान्यांतून कातरण किलोवर नेतात. उल्हासनगरच्या जीन्सची कातरण तर ढिगाने मिळते. पण जीन्सचे कापड कापले की कडेचे पांढरे धागे सुटत राहतात. ते धागे ऑइलमध्ये गेले की पंपाच्या जाळीवर बसतात, ऑइलचा दाब कमी होतो, लाल दिवा लागतो. सुताचा गोळा त्याहून वाईट. बाहेरचे हात-हत्यार पुसायला तो चालेल, उघड्या इंजिनाजवळ नको. तिथे दाट विणीचे, चारही कडा शिवलेले फडके हवे, किंवा बनियनच्या कापडाचा मोठा तुकडा, त्याचे धागे कमी सुटतात. रंग भडक असावा आणि तुकडा मोठा असावा, म्हणजे आत विसरला जाणार नाही. काळी पडलेली लहान चिंधी भोकात कोंबून ठेवली आणि तशीच राहिली, तर इंजिन ती ओढून घेते.

मोजदादीची सवय आपल्या लोकांना नवीन नाही. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात मशीनची सुई मोडली की तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत तो माल पुढे जात नाही. तुकडे जुळवून रजिस्टरमध्ये चिकटवतात, तेव्हा नवी सुई मिळते. मुलाच्या कपड्यात सुईचे टोक राहू नये म्हणून हा कायदा. गॅरेजमध्ये हेच काम एक ताटली करते : काढलेला प्रत्येक नट, वॉशर तिच्यात, आणि काम संपले की ताटली रिकामी. चामटोलीच्या पोराकडे ताटली होती, डब्याचे झाकण. म्हणूनच त्याला एक कमी भरल्याचे कळले.

त्याच चामटोलीजवळ पुढच्या वर्षी, २७ जुलै २०१९ला, उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. अशा पुरात बुडालेल्या गाडीचाही नियम तोच. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढावेत, पाणी काढावे, एअर फिल्टरच्या डब्यातला गाळ धुवावा, ऑइल बदलावे, मग चावी.

राहिला प्रश्न पैशाचा. व्हॅन ओढण्याचा, टेम्पोचा आणि उस्तादाचा खर्च कोणी भरायचा? पोरगा म्हणाला, "शेठ, माझी मजुरी देऊ नका." आम्ही मजुरी पुरी दिली आणि खर्चही आमचाच धरला. यात मेहरबानी नव्हती. शिंप्याने कापड चुकीचे कापले आणि लपवले तर आम्ही भरपाई घेतो. कात्री लावताच येऊन सांगितले तर दोघे मिळून त्यातून लहान मापाचा कपडा काढतो. पोरगा गप्प राहिला असता तर आम्हाला पुन्हा बारा दिवस गॅरेजमध्ये काढावे लागले असते. तरीही दर वेळी मन एवढे मोठे राहील असे नाही. म्हणून इंजिन उघडण्याआधीच कारागिराशी बोलून घ्यावे, की वस्तू पडली आणि लगेच सांगितली तर काढण्याचा खर्च निम्मा-निम्मा, लपवली तर सगळा त्याचा. तेव्हापासून आम्ही असेच ठरवतो.

कापड त्या दिवशी संध्याकाळी वांगणीला पोचले, सहा तास उशिरा. वॉशर आम्ही परत बसवला नाही, नवा घेतला, दोन रुपयांचा.