चाकोरी, रपटा आणि जिप्सी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली कच्ची वाट कोणत्या ओझ्यासाठी पाडली, यावरून तिची रुंदी, वळणे आणि आयुष्य ठरते. सर्वांत जुनी वाट बंडीची. बैलगाडीला विदर्भात बंडी म्हणतात. तिच्या लोखंडी धावांनी मुरमात कोरलेले दोन चर म्हणजे चाकोरी. ठरीव जगण्याचा अर्थ या शब्दाला पुढे चिकटला. जंगलात हा शब्द अजून मूळ अर्थानेच वापरता येतो. गाडीच्या चाकांतले अंतर बंडीच्या चाकोरीशी जुळले नाही, तर एक चाक चरात आणि दुसरे मधल्या उंचवट्यावर ठेवून तिरपी गाडी हाकावी लागते.

दुसरी वाट लाकडाची. आलापल्लीचे सागवान ब्रिटिश काळापासून नावाजलेले. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेले, ते याच वनपट्ट्याच्या लौकिकामुळे. लाकूडतोडीसाठी जंगलाचे ‘कूप’ पाडतात आणि आळीपाळीने एकेका कुपात तोड होते. कुपापर्यंतचा रस्ता ओंडके निघेपर्यंत राबता असतो. तोड पुढे सरकली की त्यावर बांबू आणि झुडपे चढतात. नकाशावर ठळक दिसणारी वाट जागेवर सापडत नाही, त्याचे हे एक कारण. वाहने पोहोचत नव्हती तिथे ओंडके ओढायला हत्ती होते. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्या कामाची आठवण आहे. आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ हे सुमारे सहा हेक्टरांचे राखलेले जुने जंगल २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाले. तोडीच्या आधी इथले जंगल कसे होते, ते तिथे उभे राहून कळते.

तिसरी वाट जाळरेषेची. वणवा एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून उन्हाळ्याआधी गवत-पाचोळा काढून जो पट्टा मोकळा करतात, ती जाळरेषा. ती बहुधा सरळ जाते आणि गस्तीच्या गाडीला सोयीची असते. गस्त, वणवा विझवणे, तेंदूपत्त्याचे ट्रक आणि पर्यटन या सगळ्यांना आज या जुन्या वाटाच उपयोगी पडतात.

या वाटांवर खरी हुकूमत पाण्याची. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पूर्व सीमेवरून इंद्रावती येते. या मोठ्या नद्यांहून प्रवास जास्त अडवतात ते शेकडो नाले. नाल्यावर पुलाऐवजी रपटा, म्हणजे पाणी वरून वाहू देणारा सिमेंटचा ठेंगणा ओलांडा असतो. पावसात रपट्यावर पाणी आले की तळ दिसत नाही आणि कडेचा भराव खचलेला असला तरी कळत नाही. जाणता चालक आधी उतरून काठीने खोली पाहतो, पाण्याची ओढ जोखतो, शंका आली तर थांबतो. अशा वेळी इंजिनाच्या ताकदीपेक्षा थांबण्याची तयारी मोलाची, कारण जोराचे पाणी गुडघाभर असले तरी हलकी गाडी बाजूला ढकलते.

या मुलखाची ओळखीची गाडी म्हणजे मारुती जिप्सी. १९८५ मध्ये बाजारात आलेली आणि साधारण २०१८-१९ पर्यंत बनलेली ही गाडी टनभराच्या आसपास वजनाची. एरवी इंजिनाची शक्ती फक्त मागच्या चाकांना मिळते. गिअरच्या दांड्याजवळचा दुसरा दांडा ओढला की पुढची चाकेही ओढू लागतात. पुढच्या चाकांच्या मध्यावर हब लॉक असलेल्या जिप्सीत त्याआधी खाली उतरून ते हाताने फिरवावे लागते. ‘लो’ गिअरमध्ये वेग घटतो आणि ओढ वाढते. निसरड्या चढावर, वाळूत, चिखलात हेच कामी येते. चिखलात गाडी रुतल्यावर रेस वाढवली की चाक स्वतःचाच खड्डा खोल करते. चाकाखाली दगड किंवा फांद्या घालून सावकाश बाहेर पडणे हा खात्रीचा उपाय. सुक्या नदीपात्रातल्या वाळूत टायरची हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि गाडी वर राहते. पक्क्या रस्त्यावर आल्यावर ती हवा पुन्हा भरावी लागते.

ताडोब्यात हाच प्रवास नियमांत बसवलेला आहे. १९५५ चे ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ चे अंधारी अभयारण्य मिळून व्याघ्रप्रकल्पाचा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा होतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी अशा प्रवेशद्वारांतून नोंदणीकृत जिप्सी सोडल्या जातात. सोबत वाटाड्या सक्तीचा आणि ठरलेला रस्ता सोडायला बंदी. पावसाळ्यात गाभा पर्यटकांना बंद असतो. देशभरातल्या व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये तात्पुरती बंदी घातली होती. मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ऑक्टोबरमध्ये ती उठली.

इतर जंगलांतही ‘रस्ता दिसतो म्हणून गाडी घातली’ असे चालत नाही. अभयारण्यात शिरायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. राखीव वनात १९२७ चा भारतीय वन कायदा लागू होतो. नियमांमागे कारणही आहे. रुंद टायर ओल्या मातीत खोल चर पाडतो, पुढच्या पावसात त्याचा ओहोळ होतो आणि वाट वाहून जाते.

गडचिरोलीत वाटांवरच्या प्रवासाला सुरक्षेची बाजूही जोडली गेली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी रस्त्यांत भूसुरुंग पेरले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. गाडीने जाण्यापेक्षा पायी जाणे सुरक्षित, हा धडा पोलिसांना अशा घटनांनी दिला.

रस्ता नसण्याची खरी किंमत स्थानिकांनी मोजली. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात तो भाग जगापासून तुटत असे. शेजारचे भामरागड पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावतीच्या संगमावर आहे. पर्लकोटेला पूर आला की वाहतूक थांबे आणि गरोदर बाईला किंवा आजाऱ्याला खाटेवरून, डोंग्यातून न्यावे लागे.

वाटेचा रस्ता करायला १९८० च्या वन संवर्धन कायद्याने केंद्राची मंजुरी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र गावाच्या गरजेच्या रस्त्यासाठी सवलत दिली: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पर्यंत झाडांची तोड आणि ग्रामसभेची शिफारस. १ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीतल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या मार्गावर एसटी धावू लागली. बंडी, ओंडका, गस्त आणि पर्यटक यांच्यानंतर त्या वाटेवरचे ओझे आता तिकीट काढलेल्या प्रवाशाचे आहे, आणि त्यासाठी फोर व्हील ड्राइव्ह लागत नाही.