मंडळीतला माणूस म्हणजे हमी नव्हे

“आपल्याच मंडळीतला आहे हो, दशमांश कधी चुकवत नाही. तो फसवेल का?” ख्रिस्ती मूल्यांना धरून पैसे गुंतवायचे म्हटले की कोणी ना कोणी हे ऐकवतेच. या एका समजापायी कष्टाळू, भाविक माणसांची आयुष्यभराची पुंजी बुडाली आहे, म्हणून जरा स्पष्टच बोलू.

गैरसमज : विश्वासणाऱ्या माणसाकडे पैसे दिले की गुंतवणूक ख्रिस्ती होते, आणि सुरक्षितही.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले बॅप्टिस्ट फाउंडेशन बघा. 1948 पासूनची ही संस्था. ठेवीवर व्याजही मिळेल आणि प्रभूच्या कामालाही हातभार लागेल, असे तिचे लोक चर्चमध्ये येऊन सांगत. 1980 च्या दशकाअखेरीस तिथल्या जमिनींचे भाव कोसळले. तोटा उघड करण्याऐवजी फाउंडेशनने भाव पडलेल्या मालमत्ता आपल्याच गोतावळ्यातल्या कंपन्यांना फुगवलेल्या किमतीला विकल्याचे दाखवले. कागदावर नफा दिसत राहिला. जुन्या ठेवीदारांना व्याज मात्र नव्यांच्या पैशातून जात होते. 1999 मध्ये दिवाळे निघाले तेव्हा सुमारे 11,000 लोकांचे 50 कोटी डॉलरहून अधिक अडकले होते. त्यांत निवृत्त माणसे पुष्कळ. 2006 मध्ये फाउंडेशनचे अध्यक्ष न्यायालयात दोषी ठरले.

हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे कोणी म्हणाले तर करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय उघडून त्याच्यापुढे ठेवा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पौल एकटा हाताळत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. प्रेषिताने जे बंधन आपणहून घातले, ते ओळखीच्या एजंटाला का जड जावे?

आपल्याकडे हा तपास अवघड नाही. गुंतवणूक सल्लागाराची सेबीकडची नोंदणी क्रमांकासकट पाहा. बँकेतली ठेव, नागरी सहकारी बँकही त्यात आली, 5 लाख रुपयांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. पतपेढीतल्या ठेवीला हे संरक्षण नाही, मग पतपेढीला कोणत्याही संताचे नाव असो. नियमनाबाहेरच्या ठेवयोजनांवर तर 2019 च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे.

आता बाकीचे समज थोडक्यात.

‘व्याज घेणे पापच.’ मध्ययुगीन चर्चचा व्याजाला कडक विरोध होता, हे खरे. पण इटलीतल्या पेरुजात 1462 मध्ये फ्रान्सिस्कन संन्याशांच्या पुढाकाराने गरिबांसाठी गहाणपेढी निघाली, आणि अशा पेढ्यांनी खर्चापुरते अल्प व्याज घेण्यास 1515 मध्ये चर्चच्या लॅटरन परिषदेने मान्यता दिली. गरजवंताला नाडणारे व्याज मात्र आजही पापच.

‘दारू-तंबाखू टाळली की झाले.’ 1971 मध्ये अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने भागधारक या नात्याने जनरल मोटर्सपुढे ठराव मांडला : वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा. कंपनीचा भाग घेतला की असा जाब विचारण्याचा हक्कही हाती येतो.

‘चर्चचा फंड, म्हणजे आत सगळे शुद्ध.’ 2013 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी चढ्या व्याजाने कर्जे देणाऱ्या वोंगा कंपनीविरुद्ध आवाज उठवला. लगेच उघड झाले की चर्च ऑफ इंग्लंडचेच थोडे पैसे एका फंडामार्फत तिच्यात गुंतले आहेत. 2014 मध्ये ते काढून घेतले गेले.

‘मूल्ये पाळली की परतावा बुडतो.’ तसा नियम नाही. काही काळ कमी मिळेल, काही काळ जास्त. तंबाखूच्या नफ्यावर पाणी सोडायचे असेल तर ते समजून-उमजून सोडावे.

रविवारी उपासना संपल्यावर कोणी योजनेचा कागद पुढे केला तर तीन प्रश्न विचारा : पैसे नेमके कोणत्या धंद्यात लागणार, नोंदणी कोणाकडे आहे, हिशेब कोण तपासतो? सरळ उत्तर मिळाले नाही, तर सही करू नका.