जबड्याचा सांधा आणि अल्ट्रासाउंड

तोंड उघडताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज येतो, घास चावताना कळ येते. पुष्कळांना वाटते, दाढच किडली. दाढ काढली तरी दुखणे तसेच! दोष कधी कधी जबड्याच्या सांध्यात असतो. तिथली कूर्चेची चकती पुढे सरकलेली असते. तोंड उघडताना ती जागेवर येते, तेव्हा आवाज होतो.

अल्ट्रासाउंडमध्ये कानापुढे जेल लावून तोंड उघडमीट करायला सांगतात. चकतीची हालचाल, सांध्यात साठलेले पाणी पडद्यावर दिसू शकते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. मात्र ध्वनिलहरी हाडाला अडतात, आतली बाजू दिसत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला येऊनही दुखत राहिले, तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा.

नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुधा उपचार लागत नाहीत. पण वाचकहो, दाढ काढण्याआधी सांधा तपासून घ्या.