जुन्या जीपची नवी ठिणगी

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जोडणी सुरू झाली. रस्ता संपतो तिथून पुढे जाणारी ही गाडी म्हणता म्हणता देशभर पोचली. पुढे त्यांतल्या कित्येक जीपांना डिझेल इंजिनं बसली. डिझेलला ठिणगी लागतच नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न मिटला. पण ज्या पेट्रोलवरच राहिल्या, त्यांच्या मालकांपुढे आज एक प्रश्न असतो: जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? ‘गाडी पटकन सुरू होते’, ‘ताकद वाढते’, ‘ॲव्हरेज सुधारतं’ असं बरंच काही सांगितलं जातं. यातलं खरं किती? हे ठरवायला दहावीच्या पुस्तकातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन जवळजवळ पुरेसं आहे.

ठिणगी कधी पडते?

या जीपच्या प्लगच्या दोन टोकांमध्ये सुमारे पाऊण मिलिमीटर फट असते. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर फटीतून ठिणगी पाडायला ढोबळमानानं ३,००० व्होल्ट लागतात. पण सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते. या इंजिनात दाबाचं गुणोत्तर सुमारे ७ : १ आहे, म्हणजे हवा जवळजवळ सातपट दाट होते आणि ठिणगीला तितकाच जास्त विरोध करते. पाऊण गुणिले ३,००० गुणिले ७ म्हणजे सुमारे १५,००० व्होल्ट! बॅटरी मात्र १२ व्होल्टचीच.

ही उडी कशी मारायची याचं व्यवहारी उत्तर चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्यानं १९१० च्या सुमारास दिलं. एका लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे दोन-अडीचशे वेढे आणि बारीक तारेचे सुमारे वीस हजार वेढे. हीच आपली इग्निशन कॉइल. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह जातो आणि गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. प्रवाह स्थिर आहे तोवर बारीक तारेत काहीच घडत नाही. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं तसं, क्षेत्र बदललं तरच विद्युतदाब निर्माण होतो, आणि जितक्या झटकन बदललं तितका तो जास्त.

म्हणून प्लगवर ठिणगी पडते ती प्रवाह सुरू करताना नव्हे, तर तोडताना. डिस्ट्रिब्यूटरमध्ये फिरणारा चौकोनी कॅम पॉइंटची जोडी उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं. जाड तारेतच क्षणभर दोन-अडीचशे व्होल्ट उभे राहतात आणि वेढ्यांच्या प्रमाणात बारीक तारेत वीस हजारांच्या घरात दाब येतो. शेजारचा छोटा कंडेन्सर या कामात पॉइंटचा जोडीदार. तो नसेल तर तुटणारा प्रवाह पॉइंटच्या उघडत्या फटीतूनच ठिणगी पाडत वाहत राहील. क्षेत्र झटकन कोसळणार नाही आणि प्लगपर्यंत फारसं काही पोचणार नाही.

वेळेचं गणित

चार सिलिंडर, चार स्ट्रोक. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ६,००० म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या हव्यात. दर ठिणगीला १० मिलिसेकंद मिळतात. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त, समजा साडेपाच मिलिसेकंद, पॉइंट मिटलेले असतात. तेवढ्या वेळात कॉइल ‘भरायची’.

कॉइलमधला प्रवाह लगेच पूर्ण होत नाही. प्रवर्तनामुळेच तो हळूहळू चढतो. उदाहरणादाखल ३ ओहम रोध आणि ८ मिलिहेन्री प्रवर्तकता असलेली कॉइल घेऊ. पूर्ण प्रवाह १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. साठलेली ऊर्जा ½LI² या सूत्रानं ६४ मिलिजूल. पण साडेपाच मिलिसेकंदात प्रवाह साडेतीन अँपिअरपर्यंतच पोचतो आणि ऊर्जा ४९ मिलिजूल भरते. ४,००० फेऱ्यांना ती ४० वर येते.

आता थंडीतली सकाळ घ्या. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब ९ व्होल्टपर्यंत उतरला, तर प्रवाह ३ अँपिअर आणि ऊर्जा फक्त ३६ मिलिजूल. प्रवाह पाऊणपट झाला, पण ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर आली, कारण सूत्रात प्रवाहाचा वर्ग आहे. नेमकं सुरू करतानाच ठिणगी सर्वांत अशक्त का असते, ते यातून कळतं.

पॉइंटचं दुखणं

सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करणारा हा यांत्रिक स्विच झिजणारच. प्रत्येक उघडण्यात थोडा धातू जळतो, एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार होतो. त्यामुळेच पॉइंटमधून चार-पाच अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह नेता येत नाही. दुसरी झीज कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या टाचेची. ती झिजली की पॉइंटची फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते. म्हणजे कोणी हात न लावताही टायमिंग सरकत जातं. तिसरी झीज डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याची. दांडा डुगडुगू लागला की चारही सिलिंडरना फट सारखी मिळत नाही.

बदल म्हणजे नेमकं काय?

इलेक्ट्रॉनिक संचात कॉइल, रोटर, प्लग सगळं तत्त्व तेच राहतं. बदलतो फक्त स्विच. कॅमवर चार चुंबकांचं एक कडं बसतं आणि शेजारी एक संवेदक. १८७९ मध्ये एडविन हॉल यांना आढळलं होतं, की प्रवाह वाहणारी पातळ पट्टी चुंबकीय क्षेत्रात ठेवली तर तिच्या दोन कडांमध्ये छोटासा दाब निर्माण होतो. त्याच परिणामावर चालणारा संवेदक चुंबक समोरून गेल्याची वर्दी देतो आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. काहीही एकमेकांना घासत नाही, जळत नाही. क्रायसलर कंपनीनं अशी पॉइंटविरहित रचना १९७३ च्या गाड्यांमध्ये सरसकट दिली.

फायदा दोन टप्प्यांत मिळतो. जुनीच कॉइल ठेवली तर टायमिंग टिकतं आणि देखभाल कमी होते. ट्रान्झिस्टरला जास्त प्रवाह झेपत असेल तर कमी रोधाची कॉइलही वापरता येते. तिच्यात ऊर्जा जास्त साठते आणि कमी दाबाच्या बॅटरीवरही ठिणगी तगून राहते.

आणि ताकद?

पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं योग्य मिश्रण पेटायला एक मिलिजूलचा अंशही पुरतो. बाकीची ठिणगी उपयोगी पडते ती मिश्रण पातळ, घट्ट किंवा असमान असेल तेव्हा. ताकद ठिणगीतून येत नाही, पेट्रोलमधून येते. २.२ लिटरच्या या इंजिनात पूर्ण ॲक्सिलरेटरवर एका सिलिंडरमधलं पेट्रोल जळताना हजार जूलहून अधिक ऊर्जा सुटते. ठिणगीची ऊर्जा त्याच्या वीस हजाराव्या भागाएवढी. एकदा मिश्रण नीट पेटलं की ठिणगी दुप्पट करून हजारात भर पडत नाही. बदलानंतर गाडी जोरात धावू लागली असेल, तर आधी पॉइंट बिघडलेले होते इतकाच त्याचा अर्थ. चुकणाऱ्या ठिणग्या थांबल्या, वाया जाणारं पेट्रोल वाचलं.

‘चाळीस हजार व्होल्टची कॉइल’ या जाहिरातीचंही तसंच. फटीला १५,००० व्होल्ट पुरत असतील तर दाब तिथवर चढतो आणि ठिणगी पडते. उरलेले व्होल्ट कधी जन्मालाच येत नाहीत.

बसवण्यापूर्वी

मल्टिमीटर घेऊन आधी जुनी वायरिंग तपासावी. बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक व्होल्ट गळत असेल, तर वरच्या वर्गाच्या नियमानं सुमारे १६ टक्के ऊर्जा तिथेच गेली. इंजिन आणि सांगाडा यांच्यातली अर्थची पट्टी गंजलेली असेल तर नवा संचही रुसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपा ६ व्होल्टच्या होत्या. त्यांना १२ व्होल्टचा संच चालत नाही. कॉइलचा रोध संचाच्या पत्रकाशी जुळवून घ्यावा. कमी रोधाची कॉइल जुन्या पॉइंटवर लावली तर पॉइंट लवकर जळतात. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवली तर कॉइल आणि काही संच तापून जातात.

ओढ्यातून जाणाऱ्या गाडीसाठी आणखी एक गोष्ट. पाण्यानं ओल्या झालेल्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावरून उच्च दाब भलत्याच वाटेनं निसटतो. त्यावर संवेदकाचा काही इलाज नाही; झाकण, रोटर आणि वायरी धडच हव्यात. १९५० च्या सुमारास आलेल्या एम-३८ या लष्करी जीपला म्हणूनच संपूर्ण सीलबंद इग्निशन दिलेलं होतं.

आणि काढलेले पॉइंट टाकू नयेत. पॉइंट पॉलिश पेपरनं घासून, पट्टीनं फट लावून रस्त्यावर दुरुस्त होतात. जळलेला ट्रान्झिस्टर होत नाही. घाटापलीकडे जाणाऱ्या गाडीच्या पेटीत पॉइंट-कंडेन्सरचा जुना जोड असलेला बरा.

वर्गात करून पाहा

जुन्या ट्यूबलाइटचा तांब्याच्या तारेचा चोक, ६ व्होल्टची बॅटरी, एक स्विच आणि स्विचबोर्डच्या इंडिकेटरमधला छोटा निऑन दिवा घ्या. बॅटरी, स्विच आणि चोक एकसर जोडणीत लावा, आणि दिवा चोकला समांतर जोडा. हा दिवा लागायला साठ-सत्तर व्होल्टपेक्षा जास्त दाब लागतो. स्विच दाबा: काहीच होणार नाही. स्विच सोडा: दिवा लुकलुकेल. उघड्या टोकांना हात लावू नका, झटका बसतो. गाडीच्या कॉइलवर तर हा प्रयोग मुळीच करायचा नाही.

मग विद्यार्थ्यांना विचारा: सहा व्होल्टच्या बॅटरीतून सत्तर व्होल्ट आले कुठून, आणि ते स्विच सोडतानाच का आले? ज्यांना उत्तर सापडेल, त्यांना जीपचं इग्निशन कळलं.